जोडीदाराच्या हमीवर परदेशी जाताना

"उद्या आमचे बिनसले, तर मला परत पाठवून देतील का?" आणि "तीन वर्षांची हमी मी लिहून द्यायची, आणि त्याने नोकरीच केली नाही तर?" हे दोन प्रश्न मी समुपदेशनात वारंवार ऐकत आले आहे. पहिला प्रश्न स्पॉन्सर केल्या जाणाऱ्या, म्हणजे दुसऱ्याच्या हमीवर परदेशी जाणाऱ्या जोडीदाराचा असतो, दुसरा ती हमी देणाऱ्या स्पॉन्सरचा, आणि बहुतेक जण तो एकमेकांसमोर विचारत नाहीत, एकटे आले की विचारतात. कॅनडात स्थायिक होऊ पाहणाऱ्या एका जोडप्याच्या निमित्ताने या चिंतेविषयी सविस्तर लिहीत आहे. दोघांची परवानगी घेतलेली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि अनेक बैठकांतले मोजकेच संवाद इथे दिले आहेत.

ती कॅनडाची नागरिक होती. शिक्षणासाठी तिकडे गेली, नोकरी केली, आधी पीआर (तिथे कायम राहण्याचा परवाना) आणि मग नागरिकत्व मिळवले, आणि आईच्या आजारपणात भारतात परतली. इथेच लग्न झाले. काही वर्षांनी दोघांनी मिळून कॅनडात जायचे ठरवले आणि तिने त्याला स्पॉन्सर करायचे, असे पक्के झाले. कॅनडाचा नागरिक देशाबाहेर राहत असतानाही जोडीदाराला स्पॉन्सर करू शकतो. जोडीदाराला पीआर मिळाल्यावर आपण कॅनडात राहायला जाणार आहोत, हे मात्र त्याला दाखवून द्यावे लागते. (ज्याच्याकडे नागरिकत्व नाही, फक्त पीआर आहे, त्याला ही सोय नाही. त्याने स्वतः कॅनडात राहूनच अर्ज करायचा असतो. 'एकत्रच जाऊ' म्हणणाऱ्या अनेक जोडप्यांना हा फरक उशिरा कळतो.) म्हणजे कागदोपत्री यांची वाट सरळ होती. तरीही अर्ज पुढे सरकत नव्हता, कारण त्याच्या वाट्याची कामे होत नव्हती. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आणायचे राहिले होते, नात्याविषयीची प्रश्नावली कोरी पडली होती. त्याला यायचेच नाही, असा तिचा समज झाला होता आणि तिच्या आग्रहाखातर तो माझ्यासमोर बसला होता.

तिने ती प्रश्नावली छापून आणली होती. तुमची पहिली भेट कशी झाली, नाते कसे वाढत गेले, लग्नाला कोण कोण हजर होते, असे प्रश्न त्यात असतात. नात्याच्या वाटचालीविषयीच्या रकान्यात त्याने पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्या इतक्या जोराने खोडल्या होत्या, की कागद तिथे फाटला होता. "आमचे लग्न खरे आहे हे मी कुणा अधिकाऱ्याला का पटवून द्यायचे?" असे तो तावातावाने म्हणाला. विवाह खरा आहे आणि तो मुख्यतः स्थलांतराचा लाभ मिळवण्यासाठी केलेला नाही, ही खात्री करून घेणे हे अधिकाऱ्याचे काम असते आणि हेच प्रश्न प्रत्येक जोडप्याला विचारले जातात, हे त्यालाही माहीत होते. त्यामुळे हा राग अधिकाऱ्यावरचा नाही, असे मला वाटले आणि मी प्रश्नावली बाजूला ठेवायला सांगितली.

"समजा अर्ज मंजूर झाला आणि तुम्ही दोघे तिकडे पोहोचलात. तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?" मी विचारले.

"मला नोकरी मिळायला वेळ लागेल. मग कधीतरी भांडण होईल आणि ही म्हणेल, माझ्यामुळे तू इथे आहेस."

"असे त्या आजवर कधी बोलल्या आहेत?"

"नाही."

"तसा त्यांचा स्वभाव आहे?"

"मुळीच नाही." मग बराच वेळ थांबून तो म्हणाला, "पण तिच्या जागी मी असतो, तर एखाद्या वेळी बोललो असतो."

मी त्यावर लगेच काही बोलले नाही. अनेक बैठका ज्या गाठीभोवती घुटमळत होत्या, ती त्याने स्वतःच्या तोंडाने सोडवली होती आणि अशा वेळी समुपदेशकाने घाई करून अर्थ सांगायला जाऊ नये, असे माझे मत आहे. मी फक्त एवढेच विचारले, की बोलला असता असे त्याला कशावरून वाटते. तेव्हा जे बाहेर आले ते तिनेही प्रथमच ऐकले. लग्नानंतर तिला इथे मनाजोगती नोकरी मिळत नव्हती, त्या काळात घराचा सगळा खर्च त्याने उचलला होता. त्याने तसे कधी बोलून दाखवले नव्हते, आणि या न बोलण्याचा त्याला अभिमानही होता. पण मनातल्या मनात तो हिशेब मात्र ठेवत आला होता.

नात्यात कोणी कोणासाठी काय केले, याची एक न लिहिलेली वही प्रत्येक घरात असते. कुटुंबोपचाराच्या क्षेत्रात इव्हान बोसोर्मेनी-नॉज यांनी या अदृश्य देण्याघेण्याचा विचार मांडला आणि माझ्या कामाची बैठक बऱ्याच अंशी तीच आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवातून मी त्यात माझी एक भर घालते. जोडीदाराचे उपकार होतील म्हणून जो सर्वांत जास्त घाबरतो, तो बहुधा आजवर देणाऱ्याच्या भूमिकेत राहिलेला असतो. देणाऱ्याच्या हाती किती सत्ता येते हे त्याला अनुभवाने ठाऊक असते, आणि तीच सत्ता आता समोरच्याच्या हाती जाणार असते. अशा माणसाला "ती तसे कधीच म्हणणार नाही" असा दिलासा कितीही दिला तरी उपयोग होत नाही, कारण त्याचा संशय तिच्यावर नसतोच. त्याने स्वतः ठेवलेला हिशेब आधी उघड्यावर आणावा लागतो.

तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग ती म्हणाली, "तू हिशेब ठेवतोस हे मला कळत होते. म्हणून तर मी माझ्या कॅनडातल्या बचतीतून खर्च करत राहिले. तुझ्याकडे मागायला जड जायचे." हे त्याला ठाऊक नव्हते. ज्या काळात आपण एकट्याने घर चालवले असे तो समजत होता, त्या काळात तीही गुपचूप भर घालत होती, आणि दोघांनी एकमेकांना ते कळू दिले नव्हते. ती बैठक संपताना दोघेही थकलेले होते, पण पुढच्या आठवड्यात तो पोलीस क्लिअरन्ससाठी अर्ज करून आला. त्यासाठी मी त्याला एका शब्दानेही सांगितले नव्हते, आणि याचे मला आजही समाधान वाटते.

यानंतर आम्ही तिघांनी मिळून स्पॉन्सरशिपचा अर्ज वाचला. कायद्याचा सल्ला देणे हे माझे काम नाही आणि त्यासाठी अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराकडे किंवा वकिलाकडेच जावे. पण ज्या कागदाची भीती वाटते तो कागद प्रत्यक्ष वाचणे हा समुपदेशनाचाच भाग आहे, असे मी मानते. त्या अर्जात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे स्पॉन्सर सरकारला देतो ती हमी. जोडीदाराला पीआर मिळाल्याच्या दिवसापासून तीन वर्षे त्याच्या मूलभूत गरजांची जबाबदारी स्पॉन्सरची, आणि त्या मुदतीत जोडीदाराने सरकारी सामाजिक साहाय्य घेतले, तर ती रक्कम स्पॉन्सरने सरकारला परत करायची. स्पॉन्सरची नोकरी गेली, घटस्फोट झाला किंवा जोडीदाराला नागरिकत्व मिळाले, तरी ही हमी मुदतीआधी सुटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दोघांमधला करार, आणि त्यावर स्पॉन्सर होणाऱ्या जोडीदाराचीही सही असते. स्वतःच्या गरजा भागवण्यासाठी आपण शक्य ते सर्व प्रयत्न करू, असे तो त्यात लिहून देतो.

त्या दुसऱ्या सहीच्या जागेवर त्याने बोट ठेवले आणि म्हणाला, "म्हणजे मीही काहीतरी कबूल करतोय." आजवर या अर्जात आपले काम फक्त मंजूर होण्याची वाट पाहण्याचे आहे, असे तो धरून चालला होता. त्याच बैठकीत तिनेही तिची भीती बोलून दाखवली. तिच्या घरच्यांनी "सही करतेस, पण विचार केलास का?" असे विचारून तिच्या मनात शंका पेरली होती. हमी सामाजिक साहाय्यापुरती आहे. नोकरी करताना हप्ते कापले गेल्यामुळे मिळणारा रोजगार विमा त्यात धरला जात नाही, हे कळल्यावर तिच्या भीतीला निदान एक मर्यादा आली.

आता "मला परत पाठवून देतील का?" या पहिल्या प्रश्नाकडे येते. पीआर मिळण्याआधी स्पॉन्सर आपला अर्ज मागे घेऊ शकतो. एकदा पीआर मिळाला, की तो त्या व्यक्तीचा स्वतःचा असतो आणि केवळ नाते तुटले म्हणून तो जात नाही. ऑक्टोबर 2012 पासून काही नव्या जोडप्यांना पीआर मिळाल्यावर दोन वर्षे एकत्र राहण्याची अट होती. ती एप्रिल 2017 मध्ये काढून टाकली गेली. जुन्या अनुभवाच्या आधारे नातेवाईक आजही ती अट सांगत असतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवते. विवाहच खोटा होता किंवा अर्जात खोटी माहिती दिली, असे सिद्ध झाले तर मात्र पीआर धोक्यात येतो. म्हणून "तुझा पीआर मी काढून घेईन" असे जर कोणी जोडीदार सुनावत असेल, तर तो त्याच्याकडे नसलेल्या अधिकाराची धमकी देतो आहे. तिथे मारहाण, कोंडून ठेवणे किंवा पैसे काढून घेणे असेल, तर समजूतदारपणाचा सल्ला मी देत नाही; स्थानिक मदत केंद्राकडे आणि वकिलाकडे जायला सांगते. पीआर टिकवण्यासाठी कोणीही छळ सोसत राहण्याची गरज नाही. इतर देशांचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर ते आधी दोन वर्षांपुरतेच मिळते आणि नंतर ती अट काढून घ्यावी लागते. त्यामुळे एका देशाचे ऐकून दुसऱ्या देशाचा निर्णय कोणी घेऊ नये.

प्रत्येक जोडप्याला स्पॉन्सरशिपची गरज असतेच असेही नाही. एकाने कौशल्याच्या आधारे मुख्य अर्जदार म्हणून अर्ज केला आणि जोडीदाराला सोबत येणारा म्हणून दाखवले, तर दोघांनाही एकाच अर्जातून पीआर मिळतो. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. निवडीसाठी मोजले जाणारे गुण कमी पडतील किंवा अर्ज रेंगाळेल या भीतीने लग्न झालेले असूनही ते अर्जात लपवणे महागात पडते. ज्या जोडीदाराची नोंदच केली नाही, त्याला पुढे स्पॉन्सर करण्याचा मार्ग बहुधा बंद होतो.

या जोडप्याने काय ठरवले, ते सांगणे उपयोगी ठरेल. त्याची इथली बचत त्याच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात तिकडे न्यायची आणि घरखर्चासाठी दोघांचे एक वेगळे खाते ठेवायचे. त्याचा पासपोर्ट, पीआर कार्ड आणि बाकीची कागदपत्रे त्याच्याच ताब्यात राहतील. नोकरी मिळेपर्यंत घरातली कोणती कामे कोणाची, हे पोहोचण्याआधी ठरवायचे आणि दर काही महिन्यांनी पुन्हा बोलायचे. भांडणात स्पॉन्सरशिपचा उल्लेख करायचा नाही, हे कलम तिने सुचवले. 'आणि लग्नानंतरच्या त्या वर्षांचाही नाही' ही पुस्ती त्याने स्वतः जोडली. प्रश्नावली त्यांनी एकत्र बसून भरली. नाते नेमके कधी सुरू झाले यावर दोघांचे एकमत होईना, तेव्हा दोघांच्या आठवणी जुळत होत्या ती तारीख त्यांनी लिहिली. अर्ज गेल्यानंतरच्या प्रतीक्षेच्या काळात त्याने आपल्या पदवीचे मूल्यांकन करून घ्यायला सुरुवात केली.

माझा आग्रह असा, की जोडप्यांनी हे बोलणे अर्जाचे शुल्क भरण्याआधी करावे. पैसे भरले, घर आवरायला घेतले, नोकरीचा राजीनामा दिला, की मनातली शंका उच्चारणेसुद्धा विश्वासघातासारखे वाटू लागते आणि मग ती अर्धवट कागदांतून, चुकलेल्या तारखांतून आणि विनाकारण उकरलेल्या भांडणांतून बाहेर पडते. ज्यांचे हे बोलणे राहून गेले आहे आणि जे आधीच तिकडे पोहोचले आहेत, त्यांनीही ते टाळू नये. सुरुवात त्याने करावी की तिने, असे मला विचारले जाते. ज्याच्या मनातली वही अधिक जुनी आहे, त्याने आधी ती उघडावी, असे मी सुचवते.