वखारीतली घट आणि भट्टीचा हिशेब

प्रश्न : कैग्याचं अणुवीज केंद्र आमच्यापासून फार लांब नाही. अशा भट्टीतला माल कुणी गुपचूप बॉम्बसाठी वळवला, तर जगाला कळतं कसं?
– अकरावीतली एक वाचक, खानापूर

उत्तर : बाळ, माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. तंबाखूवर अबकारी होती तेव्हा. साहेब आले की आधी वही मागत, मग पोती काट्यावर चढवत. वाळली की तंबाखू घटणारच, पण घट किती धरायची ते ठरलेलं. त्यापुढे चार शेर कमी भरले, की वडिलांना रात्रभर झोप नसे.

व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक हेच करतात. इंधन किती आत गेलं, जळलेलं किती निघालं, थंड करायच्या तलावात किती पडून आहे, सगळं वहीशी पडताळतात. जळलेल्या इंधनातून वेगळं काढता येणारं, बॉम्बला चालणारं प्लुटोनियम ८ किलो झालं की एका बॉम्बची सोय झाली, असं त्यांचं माप. शिवाय कॅमेरे आणि सील. त्यांचं जुनं सील तांब्या-पितळेचं, नाण्याएवढं. आतून ओरखडे काढून त्यांचा फोटो ठेवायचा, सील परत आलं की ओरखडे जुळवायचे. हुबेहूब दुसरं करणं महाकठीण.

१९९२ मध्ये उत्तर कोरियाने सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळं केल्याचं दाखवलं, तेही एकदाच. निरीक्षकांनी कापडाने पुसून घेतलेले नमुने तपासले, तर हे काम अनेकदा झालेलं निघालं. वहीच खोटी! पण पकडणं वेगळं, थांबवणं वेगळं. २००३ मध्ये तो देश अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून, म्हणजे अण्वस्त्रं पसरू न देण्याच्या करारातून, बाहेर पडला, २००६ मध्ये त्याने स्फोटही केला. इराकने तर दाखवलेल्या वखारीबाहेरच काम लपवलं होतं. ते उघडकीला आल्यावर, १९९७ पासून, जादा जागा उघडून दाखवायचा पूरक करार आला.

आता तुझं कैगा. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताची सही नाही. १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेल्या पाच देशांना अण्वस्त्रांची मुभा, बाकीच्यांना बंदी, हा न्याय मलाही मान्य नाही. २००८ नंतर आपण काही भट्ट्या निरीक्षकांना खुल्या केल्या, कैग्याच्या चार त्यांत नाहीत. तिथली वही आपलेच लोक तपासतात. पण नुसती वीज करणाऱ्या भट्टीची वही परक्या साहेबालाही दाखवावी, असं मला मनापासून वाटतं. वडील तर साहेब यायच्या आदल्या रात्रीच ती काढून ठेवत.