साखरेचा डबा आणि ८६ जणींचे हसू

‘मावशी, मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातील एका गावची ३१ वर्षांची सून आहे. आमच्या बचत गटातील आणि आसपासच्या गावांतील मिळून ८६ बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. धापोड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा कसा शिजवावा इथपासून मुलाच्या अभ्यासापर्यंत सगळे मी तिथे विचारते आणि दुपारी काम आवरले की आम्ही एकमेकींना घरच्या गमतीही सांगतो. दोन महिन्यांपूर्वी मी माझ्या आवाजात एक गंमत पाठवली, “आमच्या घरी साखरेच्या डब्यापाशी मुंगी गेली तरी सासूबाई तिले इचारतात, किती दाणे नेले म्हणून.” कोणीतरी ती पुढे पाठवली आणि फिरत फिरत ती पुसदला माझ्या नणंदेपर्यंत गेली. तिने आवाज ओळखला आणि फोन लावून आईला ऐकवला. सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी डबा उचलून माझ्या ओट्यावर ठेवला आणि त्या दिवसापासून त्या बिनसाखरेचा चहा पितात. माझ्याशी कामापुरतेच बोलतात. नवरा म्हणतो, ग्रुप सोड. लग्नाला नऊ वर्षे झाली, किराणा अजूनही त्याच भरतात, पण मी कधी तक्रार केली नाही. मी एवढे काय वाईट बोलले? माणसाने हसूही नये काय?’

— एक सून

प्रिय मुली,

तुझे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या बिनसाखरेच्या चहापाशी अडले. भांडणाऱ्या सासूचे एक बरे असते, तिचा राग चार भांडी आपटून, दोन दिवस तोंड फिरवून ओसरतो. पण जी बाई एक शब्द न बोलता दोन महिने रोज अगोड चहा घशाखाली उतरवते, तिच्या मनाला फार आत कुठेतरी लागलेले असते. आपण हातच्या घट्ट आहोत हे साऱ्या जिल्ह्याला कळले, असे तिला वाटत असणार, आणि ते खोटे पाडायला तिच्याजवळ दुसरे काही नव्हते म्हणून तिने स्वतःच्या कपातली साखर काढून टाकली. तुला शिक्षा करण्यासाठी ती हे करते आहे असे मला वाटत नाही, आणि तूही तसे समजू नकोस.

माणसाने हसूही नये काय, असे तू विचारतेस. हसावे, आणि भरपूर हसावे. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते ती कोजागरीला उठेपर्यंत महिनाभर पोरी सासू, नणंद, दीर या साऱ्यांची टिंगल गाण्यांतून करतात आणि ज्या घरात भुलाबाई बसते त्या घरची सासू खिरापतीचा डबा मांडीवर घेऊन ती गाणी ऐकते. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी कवने, सुरू होतात. त्या झडत्यांतून पाटलापासून सावकारापर्यंत कोणी सुटत नाही, आणि ज्याच्यावर झडती पडते तो तिथेच उभा असतो, तोही हसतो, अंगात कस असला तर उलटी झडती टाकतो. मी लहानपणी हे सगळे पाहिले आहे आणि त्या हसण्याने कोणाचे घर मोडल्याचे मला आठवत नाही. दळताना बायकांनी सासरची गाऱ्हाणी ओव्यांत गुंफली, तीही त्याच घराच्या भिंतीआड, जिथे सासूच्या कानावर ती अधूनमधून पडतच असत. तुझी मुंगीची गंमत त्याच जातीची आहे. खरे सांगायचे तर ती चांगली आहे, आणि मीही ती वाचून हसले.

मग बिनसले कुठे, तर तुझी गंमत जिच्यावर होती ती बाई त्या ८६ जणींत नव्हती. तिला ती तोंडावर ऐकता आली नाही, उत्तर देता आले नाही, तुझ्या डोळ्यांतले हसू दिसले नाही. तिला ती दोन महिन्यांपूर्वी, कोण्या परक्या फोनवरून फिरून आलेली, लेकीच्या तोंडून ‘पाय, तुही सून काय बोलते’ अशा प्रस्तावनेसह ऐकावी लागली. शब्द तेच राहिले, पण गंमत वाटेतच गळून पडली.

आता साखरेविषयी थोडे बोलू, कारण डब्यावरचा तो पहारा तुला कंजूषपणा वाटतो. तुझ्या सासूबाई ज्या काळात सून म्हणून आल्या, त्या काळात आपल्या भागात कापूस एकाधिकार खरेदी योजनेत, म्हणजे फक्त सरकारी केंद्रावरच, जात असे. ती योजना १९७२ साली सुरू झाली. शेतकऱ्याने बंडीवर कापूस भरून केंद्रावर न्यायचा, तिथे रांगेत मुक्काम करायचा, माप झाले की घरी यायचे आणि चुकाऱ्याची वाट पाहायची, कारण पैसा हप्त्याहप्त्याने येत असे. कोरडवाहू घरात पैशाचे पीक वर्षातून एकदाच यायचे, आणि दिवाळीनंतरच्या त्या पैशावर पुढच्या पेरणीपर्यंतचा किराणा, दवाखाना, लग्नकार्य सारे ओढायचे असे. घरच्यांना गुळाचा चहा आणि साखर पाहुण्यांसाठी राखलेली, ही रीत तुझ्या माहेरच्या आजीला विचारलीस तर तीही सांगेल. उन्हाळ्याच्या शेवटी दारात व्याही आले आणि डबा रिकामा निघाला, तर मान खाली घालावी लागे ती घरच्या बाईला. डब्यात बोट बुडवून साखर कुठवर आली आहे हे पाहण्याची सवय तिथून आलेली आहे. आज दुकानात साखर हवी तेव्हा मिळते, घरी बाराही महिने थोडाफार पैसा येतो, पण बोटाला पडलेली सवय जात नाही. तुझ्या पिढीने हे पाहिलेले नाही, म्हणून तुला ते हसण्यासारखे दिसले, आणि यात तुझा दोष नाही.

माझ्या मते तुझ्या पत्राचा जीव एका वेगळ्याच वाक्यात आहे. ‘लग्नाला नऊ वर्षे झाली, किराणा अजूनही त्याच भरतात, पण मी कधी तक्रार केली नाही.’ मुली, ती तक्रार तू केली आहेस. त्या मुंगीच्या तोंडून केलीस. ग्रुपवर तू घाट्याच्या गुठळ्यांविषयी विचारलेस, मुलाच्या पाढ्यांविषयी विचारलेस आणि तुला नीट, कामाची उत्तरे मिळाली. पण नऊ वर्षांनंतरही या घराचा कारभार माझ्या हाती थोडासुद्धा का येत नाही, मी काय करावे, हा जो प्रश्न तुला सर्वांत जास्त सलतो, तो मात्र तू विचारला नाहीस. त्याची गंमत करून पाठवलीस. ८६ जणी हसल्या आणि उत्तर एकीनेही दिले नाही, कारण तू काही विचारलेच नव्हतेस. त्या हसणाऱ्यांतल्या कितीतरी जणींच्या घरी असाच डबा असेल.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, माफी आणि हा प्रश्न एकाच दिवशी सासूबाईंसमोर नेऊ नकोस. माफी आधी, आणि ती थोडक्यात. दुपारी त्या तूर निवडत किंवा वाती वळत बसल्या असतील तेव्हा शेजारी बस, हाताला काम घे आणि सांग, ‘आई, म्या तुमच्यावर गंमत केली, ते बाहेर गेली. माहं चुकलं.’ मी मनापासून बोलले नव्हते, सगळ्याच जणी तसे बोलतात, पुढे मी नाही पाठवले, यांतले काहीही त्याला जोडू नकोस, कारण ते सारे खरे असले तरी त्या ऐकतील तेव्हा त्यांना त्यात तुझा बचाव ऐकू येईल. त्या काही बोलल्या नाहीत तरी उठून जाऊ नकोस. हातातले निवडणे संपव. नवऱ्याला मध्ये घालू नकोस. लेकाने सुनेची बाजू मांडली की आईला ती दुसरी जखम होते. नणंदेला मात्र एक फोन कर, आणि तो भांडण्यासाठी नको. आईची लाज तिलाही लागली आहे.

गंमत पुढे कोणी पाठवली याचा शोध घेण्यात मन घालू नकोस. पुढे गेलेल्या निरोपाबरोबर मूळ पाठवणारीचे नाव जात नाही आणि पुढे कोणी ढकलला तेही ग्रुपवर दिसत नाही. तू तुझ्या ग्रुपमधून तो त्याच दिवशी काढला असतास तरी इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहिल्या असत्या. तुझे नाव गेले नव्हते, पण आवाज गेला, आणि आपल्या माणसाचा आवाज माणूस शंभर आवाजांत ओळखतो.

ग्रुप सोडू नकोस, हे मी ठामपणे सांगते. पूर्वी नळावर, विहिरीवर, वेचणीच्या पाळीत बायका एकमेकींना जे विचारत ते आता तू तिथे विचारतेस, आणि ज्या गावात सुनेला दुपारी कोणाच्या ओसरीवर जाऊन बसायचीही चोरी असते, त्या गावात हा आधार लहान नाही. नवऱ्याने काळजीपोटी म्हटले असेल, पण एका गमतीच्या पायी तुझ्या ८५ मैत्रिणी तोडण्याचा त्याला अधिकार नाही, आणि हे त्याला शांतपणे सांग. एवढेच कर की ज्या गमतीत दुसऱ्या माणसाचे घरातले वागणे येते, ती आधी त्या माणसासमोर करून पाहा. सासूबाई हसल्या तर खुशाल ग्रुपवर टाक. नाही हसल्या तर ती तुझ्यापाशीच राहू दे. आणि स्वतःच्या दुःखाविषयी विचारायचे असेल तेव्हा तेथील विश्वासाच्या एकीला वेगळा फोन करून सरळ विचार.

किराण्याचा प्रश्न माफीनंतर दोन-तीन आठवड्यांनी काढ, आणि तोही मागणी म्हणून काढू नकोस. साखरेचा डबा पुन्हा त्यांच्या फळीवर, त्यांच्या जागी नेऊन ठेव. मग बाजाराच्या आदल्या रात्री म्हण, ‘आई, उद्या मलेबी सोबत न्या. कोणाच्या दुकानात काय घ्यायचं ते मले ठावं नाई.’ हे खोटे नाही, नऊ वर्षांत तुला ते खरोखरच कोणी दाखवलेले नाही. पिशवी तू धर, भाव त्यांना करू दे. परत आल्यावर हिशेब त्या तोंडी सांगतील तो वहीत तू लिही. चार-सहा बाजार असे गेले की एखाद्या दिवशी त्यांचे गुडघे दुखतील आणि त्या तुला एकटीला पाठवतील, आणि पैसे मोजून देतील. मोजून देतील याचे वाईट वाटून घेऊ नकोस; परत येऊन उरलेले मोजून दे.

चहा मात्र उद्यापासून तू दोन कप कर, एक तुझा, एक त्यांचा, दोन्ही बिनसाखरेचे, आणि त्यांच्याजवळ बसून पी. त्यांनी काही विचारले नाही तर आपणहून सांगू नकोस. त्यांनी डबा पुढे सरकवला त्या दिवशी मला पत्र लिही.

तुझी,
मावशी