बेळगावात पाइपचा गॅस घेतला, तर सिलिंडरची जुनी शेगडी चालेल का?

शेगडी चालते, पण प्रत्येक बर्नरचा जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, बदलावाच लागतो. पाइपमधला वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानात सिलिंडरचा गॅस त्याच्या अडीच-तीनपट उष्णता देतो, शिवाय घरात मिथेनचा दाबही कमी, साधारण 21 मिलिबार. त्यामुळे जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट लागतं. जुनाच जेट ठेवला तर ज्योत बारीक राहते, भाकरी नीट भाजत नाही.

सुईने भोक मोठं करू नका. ते वेडंवाकडं होतं, ज्योत पिवळी पडते आणि भांड्यांची बुडं काळी होतात. बदललेल्या शेगडीला पुन्हा सिलिंडर जोडणं तर धोक्याचंच, ज्योत भडकते.

मिथेन हवेपेक्षा हलका, गळला की छताकडे जातो. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत पावसाळाभर खिडक्या बंद असतात. म्हणून वरचा झरोका कायम उघडा हवा. वास आला तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. जोड साबणाच्या फेसानेच तपासा, काडी पेटवून कधीच नाही.