वळवात घरात शिरलेला आगीचा गोळा: शास्त्रज्ञ याला थाप मानतात का?

तुम्ही लिहिलंय की खानापूरजवळच्या तुमच्या आजोळी वळवाच्या पावसात नारळाएवढा आगीचा गोळा खिडकीतून आत आला, भिंतीकडेनं सरकला आणि फट्ट आवाज होऊन विझला, असं आजी सांगतात. याला शास्त्रज्ञ थाप मानतात का?

मानत नाहीत. बॉल लाइटनिंग या नावानं त्यावर गांभीर्यानं संशोधन होतं. अडचण आहे ती कारणाची. न्यूझीलंडच्या अब्राहमसन आणि डिनिस यांनी 2000 साली मांडलं की वीज जमिनीत शिरली की मातीतल्या सिलिकापासून सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते हवेत सावकाश जळतात. 2012 च्या जुलैत चीनमधल्या छिंगहाय पठारावर साध्या विजांचा वर्णपट (उजेडातले रंग वेगळे करून केलेली नोंद, त्यावरून मूलद्रव्यं ओळखतात) घेताना संशोधकांच्या यंत्रात असा गोळा अवचित सापडला, सुमारे 900 मीटरवरून, दीडेक सेकंद. वर्णपटात सिलिकॉन, लोह, कॅल्शियम निघालं, सगळी मातीतलीच मूलद्रव्यं. पण 1963 मध्ये रॉजर जेनिसन या शास्त्रज्ञांनी वादळातून चाललेल्या विमानात, मधल्या वाटेनं सरकणारा सुमारे 20 सेंटिमीटरचा गोळा पाहिला होता. तिथं माती कुठली? म्हणून एकच सिद्धांत सगळ्या साक्षींना अजून पुरत नाही.

नुसत्या सांगण्याची किंमत कमी धरली जाते, हे मात्र खरं. ढगांच्या वर लाल झोत उठतात असं वैमानिक कित्येक वर्षं सांगत होते. 1989 च्या जुलैत मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅमेऱ्यात ते योगायोगानं टिपले गेले, तेव्हा कुठे त्यांचा रीतसर अभ्यास सुरू झाला. माझ्या मते त्या वैमानिकांवर अन्याय झाला. तसा आजींवर होऊ नये असं वाटत असेल तर पुढच्या वळवात नोंद नीट करा.

आधी फसवणाऱ्या गोष्टी वगळा. जवळ वीज चमकली की डोळ्यांत काही सेकंद ठिपका राहतो. नजर फिरवली आणि गोळाही तिकडेच सरकला, तर तो डोळ्यातला. वाऱ्यानं तारा एकमेकींना घासल्या किंवा टीसीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज उडाला तरी निळसर-हिरवा लोळ दिसतो. त्याच क्षणी लाइट गेली का, हे लिहून ठेवा. मोबाइलच्या व्हिडिओत कॅमेऱ्याच्या काचेतल्या परावर्तनाचा ठिपका येतो, तो बहुधा चित्राच्या मध्याच्या पलीकडे, खऱ्या उजेडाच्या बरोबर समोर असतो आणि फोन हलवला की चित्रात त्या उजेडाच्या उलट दिशेनं पळतो.

मग मोजमाप. ‘नारळाएवढा’ म्हणून भागत नाही, कारण अंतर ठाऊक नसेल तर आकार कळत नाही. हात पूर्ण ताणून धरा: करंगळीची रुंदी साधारण 1 अंश, मूठ 10 अंश. गोळा कशाच्या पुढून गेला आणि कशाच्या मागून, हेही टिपा. त्यावरून अंतर निघतं. कालावधी मनातल्या मनात मोजा. लखलखाट आणि गडगडाट यांत 3 सेकंद गेले तर वीज सुमारे एक किलोमीटरवर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या दामिनी ॲपवर शेवटच्या काही मिनिटांतल्याच विजा दिसतात, म्हणून स्क्रीनशॉट लगेच घ्या. घरातल्या सगळ्यांनी त्याच रात्री वेगवेगळं लिहावं, आपसात बोलण्याआधी. एकदा बोलणं झालं की सगळ्यांचा गोळा एकाच रंगाचा होतो.

हे सगळं घरात राहूनच. खिडकी, नळ, तारेला लावलेली उपकरणं यांपासून लांब राहा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटांनी बाहेर पडा. तार तुटून पडली असेल तर तिकडे जाऊच नका.

कौल तडकलं किंवा भिंत काळवंडली असेल, तर शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या. डागावरची पूड कागदी पाकिटात भरा आणि दहा मीटरवरची साधी माती दुसऱ्या पाकिटात. ही दुसरी नसेल तर पहिलीवरून काहीच ठरत नाही, कारण खानापूरकडच्या जांभ्यात लोह मुळातच भरपूर असतं.