इतिहासाचा प्राध्यापक कुलगुरू झाला की लेखन संपतं का?

तुम्ही विचारलंय की इतिहासात पीएचडी करून पुढे विद्यापीठ चालवायच्या कामात शिरलं तर संशोधन बंद पडतं का, आणि मुळात इतिहासवाल्याला ते काम जमतं का. वर बऱ्याच जणांनी "फायलींत अडकला की संपला" असं लिहिलंय. मला ते सरसकट पटत नाही, आणि त्याचं कारण ब्रिटिश इतिहासकार एसा ब्रिग्ज.

माणूस यॉर्कशायरमधल्या कीथलीचा, म्हणजे गिरण्यांच्या गावचा, जन्म १९२१. केंब्रिजला इतिहास शिकता शिकता लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी बाहेरून केली आणि १९४१ ला दोन्हीकडे फर्स्ट क्लास. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कला, म्हणजे ब्रिटनच्या गुप्त संदेश उलगडणाऱ्या केंद्रात, तिथल्या हट ६ मध्ये, जर्मन लष्कर आणि हवाई दलाचे एनिग्मा यंत्रावरचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या टीममध्ये. मग ऑक्सफर्ड, १९५५ पासून लीड्सला प्रोफेसर.

आता खरा मुद्दा. त्यांचं 'व्हिक्टोरियन सिटीज' हे पुस्तक १९६३ चं. तोपर्यंत १९ व्या शतकातली औद्योगिक शहरं म्हणजे सगळी एकाच छापाची, काळी, धुरकट असं सर्रास बोललं जायचं. ब्रिग्ज म्हणतात तसं नाही, मँचेस्टरला मोठमोठ्या गिरण्या, तिथे मालक आणि कामगार यांच्यात दरी, बर्मिंगहॅमला छोटे छोटे कारखाने, तिथे दोघं जवळजवळ खांद्याला खांदा लावून काम करणार, त्यामुळे दोन्हीकडचं राजकारणही वेगळं. लीड्सवरच्या प्रकरणात तर टाउन हॉलला मनोरा हवा की नको, करदात्यांचा पैसा त्यात घालायचा का, यावर गावकरी कसे भांडले ते इतकं बारकाईने येतं की आपल्या महापालिकेची सभा आठवावी. आणि मिडल्सबरो, १८३१ च्या जनगणनेत १५४ माणसं, शतक संपेपर्यंत लोखंडाच्या जिवावर मोठं शहर.

म्हणजे शून्यातून संस्था कशी उभी राहते, पैसा कोण देतं, कोण अडवतं, हाच ज्याचा अभ्यास, तो १९६१ ला ससेक्स या नव्याने सुरू होणाऱ्या विद्यापीठात गेला, जिथे पहिल्या बॅचला ब्रायटनमध्ये अवघे ५२ विद्यार्थी होते. मला तरी हा योगायोग वाटत नाही. नेहमीची डिपार्टमेंट न ठेवता तिथे 'स्कूल' केली, युरोपियन स्टडीज, आफ्रिकन अँड एशियन स्टडीज वगैरे. म्हणजे इतिहासाचा विद्यार्थी आपला मुख्य विषय करणारच, पण त्याच स्कूलमधल्या साहित्य, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञानाच्या पोरांबरोबर काही कोर्स सामायिक. या रचनेमागे ब्रिग्ज यांचं डोकं मोठं होतं. आपल्याशी संबंध सांगायचा तर सबाल्टर्न स्टडीजचे, म्हणजे शेतकरी-कामगारांसारख्या तळातल्या लोकांच्या बाजूने इतिहास लिहिणाऱ्या प्रवाहाचे, रणजित गुहा बरीच वर्षं याच ससेक्सला शिकवत होते.

१९६७ ते ७६ ब्रिग्ज तिथले व्हाइस चान्सलर, म्हणजे कुलगुरू. काळ सोपा अजिबात नव्हता. १९६८ ला व्हिएतनाम युद्धावरून कॅम्पसवर एका अमेरिकन अधिकाऱ्यावर लाल रंग फेकला गेला, १९७३ ला अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ सॅम्युअल हंटिंग्टनना बोलूच दिलं नाही. आणि हे सगळं चालू असताना सरकारने नर्सिंगवरच्या कमिटीचं अध्यक्षपदही यांच्याच गळ्यात घातलं, तिचा रिपोर्ट १९७२ ला आला, त्यातून पुढे १९७९ चा नर्सेस, मिडवाइव्ह्ज अँड हेल्थ व्हिजिटर्स कायदा झाला.

लेखन थांबलं का? ब्रिटनमधल्या ब्रॉडकास्टिंगचा इतिहास पाच खंडांत लिहिला, पहिला १९६१, शेवटचा १९९५. त्यातला युद्धकाळावरचा तिसरा खंड आला १९७० ला, म्हणजे ऐन कुलगुरूपदाच्या काळात. पुढचा मात्र थेट १९७९ ला, तेव्हा पद सुटलं होतं, त्यामुळे वेग मंदावतो हेही खरंच धरा. १९७६ ला ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख झाले, तिथे १९९१ पर्यंत, त्या काळात 'व्हिक्टोरियन थिंग्ज' आलं.

एक गोष्ट इथे फार कमी लोकांना माहीत असते, ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे तिकडच्या मुक्त विद्यापीठाच्या, प्लॅनिंग कमिटीवरही ते होते आणि १९७८ ते ९४ तिचे चान्सलर. तिकडे चान्सलर हे मानाचं पद, रोजचा कारभार व्हाइस चान्सलरकडे. या ओपन युनिव्हर्सिटीला चार्टर, म्हणजे स्थापनेची सनद, १९६९ ला मिळाला, आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ त्यानंतर २० वर्षांनी, १९८९ ला निघालं. त्याआधी १९५८ ते ६७ ब्रिग्ज कामगारांसाठी वर्ग चालवणाऱ्या वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनचे अध्यक्ष होते, म्हणजे कॉलेजात न पोचलेल्या माणसाला शिकवायचं ही त्यांची ओढ जुनीच.

तुमच्यासाठी सांगायचं तर आधी विषय पक्का करा, एखादं भरभक्कम पुस्तक हातून होऊ द्या, मग पदाचं बघा. ब्रिग्ज वाचायचेच असतील तर 'व्हिक्टोरियन सिटीज'मधल्या लीड्सच्या प्रकरणापासून सुरू करा, मधूनच उघडलं तरी चालतं.