सेन्सर नंतर बघू, आधी काळी पडणारी बाटली भरवशाची करा

सर, खानापूरच्या बाजूच्या तुमच्या गावातल्या विहिरींचं पाणी शाळेतच तपासता येईल का, आणि त्यासाठी मुलांकडून मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चालणारा सेन्सर करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. तपासता नक्की येईल. सेन्सर मात्र आत्ता नको.

स्वस्त पद्धत आपल्याकडे १९८२ पासून आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी ती मांडली. पेप्टोन (जंतूंचं खाद्य), थायोसल्फेट (गंधकाचा क्षार) आणि लोहाचा क्षार कागदाच्या पट्टीत मुरवून, वाळवून ती पट्टी बाटलीत ठेवलेली असते. त्या बाटलीत २० मिली पाणी घालायचं. विष्ठेबरोबर येणारे काही जंतू त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तो लोहाशी संयोग पावतो आणि पाणी काळं पडतं. ई. कोलाय, म्हणजे विष्ठेच्या संसर्गाची खूण मानला जाणारा आतड्यातला जंतू, स्वतः सहसा हा वायू करत नाही, त्याच्या सोबतचे सिट्रोबॅक्टर, क्लॉस्ट्रिडियम वगैरे करतात. म्हणून वहीत 'ई. कोलाय सापडला' असं कधीच लिहू नका. 'विष्ठेचा संसर्ग असण्याची दाट शक्यता' एवढंच लिहा.

खरी अडचण उबेची आहे. या जंतूंना ३० ते ३७ अंश लागतात, आणि तुमच्याकडे जुलैत खोली गारठलेली असते. गार खोलीत बाटली दुसऱ्या दिवशीही स्वच्छ दिसते आणि लोक निश्चिंत होऊन तेच पाणी पितात. मला सगळ्यात भीती याच चुकीची वाटते. थर्मोकोलचा डबा, आत गरम पाण्याच्या बाटल्या आणि एक थर्मामीटर घ्या. डब्यातलं तापमान रात्रभर कसं टिकवायचं हे मुलांनी शोधून काढलं, तर माझ्या लेखी तेच या कामातलं मोठं संशोधन. निकाल २४ तासांनी बघा आणि ४८ तासांनी पुन्हा बघा.

दुसरं, आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिली पाण्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये. एका बाटलीत त्याचा पाचवाच भाग तपासला जातो. म्हणून प्रत्येक विहिरीच्या पाच बाटल्या भरा. एक काळी पडली तर १०० मिलीत हा वायू करणारे अंदाजे १.१ जंतू, दोन पडल्या तर २.६, तीन ४.६, चार ८, आणि पाचही काळ्या पडल्या तर ८ पेक्षा जास्त. म्हणजे महागडं यंत्र न घेता आकडा हाती येतो.

बोअरच्या पाण्यात आधीच सल्फाइड असेल तर बाटली थोड्याच वेळात काळी पडते. ते जंतूंचं काम नव्हे, जंतूंना वाढायला कित्येक तास लागतात. म्हणून पहिल्या तासाभरात एकदा डोकावून बघाच. दर खेपेला उकळून गार केलेल्या पाण्याची एक आणि गटाराच्या पाण्याची एक बाटली सोबत ठेवा. पहिली काळी पडली किंवा दुसरी पडली नाही, तर त्या खेपेचे सगळे निकाल रद्द. तपासून झालेल्या बाटल्यांत जंतू भरपूर वाढलेले असतात. त्या मुलांना उघडू देऊ नका. तुम्ही स्वतः हातमोजे घालून त्यात ब्लीचिंग पावडरचं दाट द्रावण ओता, चांगला वेळ जाऊ द्या, मगच टाका.

पहिल्या मोठ्या पावसानंतर काही नमुने दोन भागांत वाटा. एक भाग शाळेत तपासा, दुसरा बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी बेळगावच्या प्रयोगशाळेत द्या. दोन्ही निकाल किती वेळा जुळतात ते मांडा. विहीर खराब निघाली तर पाणी उकळून प्यायचा निरोप त्याच संध्याकाळी घरोघर जाऊ दे. मग निकालाचा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी) आणि वॉटरमन, दोघांच्याही हातात द्या.