प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून थायरॉईड झाला का?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३४, बाळ ८ महिन्यांचं आहे. केस विंचरले की कंगव्यात पुंजकाच येतो, दिवसभर नुसती झोप येते. टीएसएच १४ आलंय, अँटी-टीपीओ पण खूप वाढलंय, हाशिमोटो आहे म्हणाले. सासूबाई म्हणतात प्रतिकारशक्ती कमी झालीये, रोज काढा घे. माझं काही चुकलं का?

उत्तर: ताई, तुमचं काहीएक चुकलेलं नाही, हे आधी मनातून काढा. आणि प्रतिकारशक्ती कमी नाही झालेली, ती आपल्याच माणसावर उलटलीये, म्हणजे गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर, त्यालाच हाशिमोटो म्हणतात. अँटी-टीपीओ म्हणजे त्या ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडी, आणि टीएसएच म्हणजे ग्रंथीला काम कर म्हणून सांगणारं संप्रेरक, ग्रंथी कमी पडली की ते वाढतं.

छातीच्या हाडामागे थायमस म्हणून एक ग्रंथी असते, तिथे टी पेशींची (प्रतिकारशक्तीच्या सैनिक पेशींची) परीक्षा होते, ज्या आपल्याच शरीराला शत्रू समजतात त्या बहुतेक तिथेच मारल्या जातात, पण थोड्या निसटतातच, अगदी तुमच्या माझ्या सगळ्यांच्या अंगात. त्यांना दाबून ठेवायला वेगळ्या राखणदार पेशी असतात, २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्याच शोधाला मिळालं. आता घराण्यातून आलेली जनुकं, बाईचं शरीर, त्यात डिलिव्हरी (गरोदरपणात बाळाला सांभाळायला प्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते आणि नंतर उसळी मारते) असं सगळं जुळून आलं की ही राखण ढिली पडते. मग टी पेशी गळ्यातल्या थायरॉईडमध्ये शिरतात, अँटीबॉडी तयार होतात, ग्रंथी हळूहळू झिजते.

पण अँटीबॉडी आल्या म्हणजे लगेच आजार झाला असं नाही हं. कित्येक बायकांचं अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असतं आणि टीएसएच वर्षानुवर्षं नॉर्मल, कारण उरलेली ग्रंथी काम ओढत असते, ती पुरेनाशी झाली की मग केस, झोप, वजन सुरू होतं. म्हणजे तुमच्यात हे बहुतेक आधीपासून चालू होतं, डिलिव्हरीनंतर फक्त वर आलं.

काढ्याने हे थांबत नाही, आणि इम्युनिटी वाढवायच्या नावाखाली काहीबाही घेऊ नका. डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी दिली असेल तर सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्या, चहा अर्ध्या तासाने, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांनी. अंगावर पाजत असाल तरी चालते. डिलिव्हरीनंतर बिघडलेली थायरॉईड काहींची वर्षभरात सावरते, त्यामुळे गोळी मनाने बंद न करता टीएसएच परत परत बघत राहायचं. आणि दुसरा चान्स घ्यायचा ठरवलात तर आधीच डॉक्टरांना सांगा, तेव्हा डोस बहुतेक वाढवावा लागतो.